शंभरीचा सत्कार

शशिकांत समेल ज्या गोल्फ क्लबात असिस्टंट मॅनेजर होता, त्या क्लबाला चौऱ्याण्णव साली शंभर वर्षं पुरी होत होती. शंभरी साजरी कशी करायची यावर कमिटीच्या बैठकांवर बैठका चालल्या होत्या. कुणाला परदेशातला नामांकित खेळाडू आणायचा होता, कुणाला शंभर झाडं लावायची होती. एका बाईंनी तर सगळ्यांनी साहेबाच्या काळातले कपडे घालून खेळावं असं सुचवलं. बैठकीत चहा-सँडविच वेळेवर येतंय ना, एवढंच पाहणं हे शशिकांतचं काम. पण त्या दिवशी त्याच्या तोंडून निघून गेलं, "सर, आपला सर्वांत जुना कॅडी शोधून त्याचा सत्कार केला तर? साहेबांच्या बॅगा खांद्यावर घेऊन जो हे मैदान चालला, असा कुणीतरी असेलच की."

चेअरमन कापडियांनी चष्मा काढला. "क्या बात है, समेल. ढूंढो उसको. ये तुम्हारा काम."

सोळा वर्षांच्या नोकरीत चेअरमननी त्याला नावानं हाक मारण्याची ती पहिलीच वेळ. मीरा रोडला घरी पोचेपर्यंत तो हवेतच होता. बायकोला, नीलमला, त्यानं दारातच सगळं सांगितलं.

कॅडींच्या शेडमध्ये चौकशी केल्यावर एकच नाव निघालं. आर्थर. उत्तनकडच्या पाली गावचा. इंग्रज जायच्या आधी पोरवयात इथे लागला होता, गुडघे गेल्यावर घरी बसला. आहे की नाही, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पाली म्हणजे भाईंदरहून बसनं जायचं, काही परदेश नव्हे. पण एक रविवार हाटकेशला राहणाऱ्या साडूकडे बारशात गेला, दुसरा टँकरच्या पाण्यासाठी सोसायटीत भांडण्यात. तिसऱ्या रविवारी शशिकांत भाईंदरच्या बसस्टॉपवर जाऊन उभा राहिला. बस येईना, ऊन चढलं, रांग वाढतच गेली. पुढे रिकामी टोपली घेतलेली पालीची एक कोळीण होती. तिला त्यानं विचारलं.

"आर्थर?" ती हसली. "आमच्या गावात आर्थर किती हाय, तुमाला कंचा पायजे?"

"गोल्फ क्लबात कामाला होते ते. त्यांना सांगाल का, पंधरा तारखेला शंभर वर्षांचा कार्यक्रम आहे, क्लबवाले त्यांना शोधतायत म्हणून?"

"सांगन," ती म्हणाली. आपलं काम झालं असं मनाशी ठरवून शशिकांत रांगेतून बाहेर पडला आणि घरी येऊन जेवून झोपला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात चेअरमन भेटले. "मिला क्या आपला हीरो? छपाईला नाव द्यायचंय."

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. शशिकांत म्हणाला, "मिळाले सर."

आर्थर येईल की नाही ठाऊक नव्हतं, पण आता नाव देणं भाग होतं. त्या दिवसांत नीलमचे मामा, बाबाजी, गावाहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी येऊन त्यांच्याकडे राहिले होते. आयुष्यभर पोस्टमनकी केलेला माणूस. पिकलेल्या मिश्या, ताठ कणा. त्यांच्याकडे पाहता पाहता शशिकांतला सुचलं, यांनाच जुना कॅडी म्हणून बसवायचं, आणि सुचल्यावर सुटल्यासारखंसुद्धा वाटलं.

"अहो, काहीतरीच काय," नीलम म्हणाली. "मामांना खोटं बोलायला लावणार तुम्ही?"

"बोलायचं काहीच नाही. बसायचं, शाल घ्यायची, नमस्कार करायचा."

मामांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. भाचीच्या घरी दोन महिने राहतोय, याचा भार त्यांच्या मनावर होताच. "जावईबापू, माझ्यामुळे तुमचं अडलेलं काम होणार असेल, तर बसेन की मी," ते म्हणाले. नीलम आत निघून गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी हिरवळीवर मांडव घातला होता, बँड वाजत होता. पहिल्या रांगेत धोतर, कोट नि टोपी घातलेले मामा अवघडून बसले होते. भाषणं सुरू झाली आणि वॉचमन शशिकांतला बोलवायला आला. गेटवर कुणी म्हातारा आलाय, क्लबवाल्यांनी बोलावलंय म्हणतोय.

गेटवर एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. चर्चला जायचा काळा सूट, सावरायला तरुण मुलगी. "मी आर्थर," तो म्हणाला. "ही माजी पोरगी, ॲमंडा. क्लबवाले मना शोधतात असा निरोप आयला. लई बरा वाटला. आमाला वाटला, इसरले सगले."

शशिकांतनं मांडवाकडे पाहिलं. अजून वेळ होती. मांडवात जाऊन चेअरमनच्या कानात दोन वाक्यं सांगायची, इतकंच. पण त्याच्या तोंडून निघालं ते असं, "या ना, बसा. कार्यक्रम सुरू झालाय." आणि त्यानं त्या दोघांना शेवटच्या रांगेत, बँडवाल्यांच्या शेजारी बसवलं.

स्टेजवर मामांचं नाव पुकारलं गेलं. क्लबाचे सर्वांत जुने सेवक. शाल, चांदीचा चेंडू, टाळ्या. शशिकांतनं मागे वळून पाहिलं नाही. मामांनी नमस्कार केला, ते उतरायला वळले, तेवढ्यात चेअरमननी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून माइक पुढे केला. "बाबाजी, सांगा ना आमच्या लोकांना, त्या दिवसांत इथे कसं होतं?"

मामा माइककडे पाहत राहिले. त्यांचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. कुणीतरी खोकलं. मामांची नजर गर्दीत शशिकांतला शोधत होती आणि शशिकांत खांबाच्या आड सरकला.

तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आर्थर गुडघे सांभाळत, लेकीचा हात बाजूला करून, मधल्या वाटेनं पुढे येत होता. स्टेजच्या पायऱ्या चढून तो मामांच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं त्यांचा हात हातात घेतला.

"याला ऐकायला कमी येते," तो माइकमध्ये म्हणाला. "आमी दोगं बरोबर होतो. मी सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. पहाटे दवात अनवाणी चालायचं, चेंडू तळ्यात गेला की कपडे काढून बुडी मारायची, एक मडम जिंकली की लिमलेटच्या गोळ्या वाटायची. एकदा साप निघाला तर साहेब पळाला आणि बॅग टाकून हे दोघेही पळाले. प्रत्येक आठवणीत त्यानं मामांना सोबत घेतलं. "मी आणि हा" म्हणत राहिला. लोक हसले, उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. मामा मान खाली घालून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि सगळ्यांना वाटलं, जुन्या आठवणींनी भरून आलंय.

शशिकांतनं आर्थरला गेटजवळ गाठलं.

"असू दे," आर्थरच म्हणाला. "म्हातारा मानूस चार लोकांत असा उगडा पडलेला मना बगवला न्हाय."

"आठ दिवस डॅडी घरात हे भाषण बोलून बघत होते," ॲमंडा म्हणाली. "त्यात ते बाबाजी नव्हते." तिनं रिक्षा थांबवली.

घरी आल्यावर मामांनी शाल घडी करून बाजूला ठेवली आणि ते जेवले नाहीत. "जावईबापू, मला त्या माणसाच्या घरी घेऊन चला," एवढंच म्हणाले.

रविवारी दोघे पालीला गेले. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. आर्थरनं खुर्च्या दिल्या, बायकोला चहा टाकायला सांगितलं. मामांनी चांदीचा चेंडू त्याच्यापुढे ठेवला. "हा तुमचा आहे."

आर्थरनं तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि मामांच्या ओंजळीत परत ठेवला. "तुमाला दिलाय तो. मी न्हाय घेणार."

"मी चेअरमनना सगळं सांगतो," शशिकांत म्हणाला. "पुन्हा कार्यक्रम करायला लावतो. तुमचा."

"न्हाय, नको. मी येऊन गेलो ना एकदा."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर शशिकांतला बरं वाटलं असतं. परतीच्या बसमध्ये मामा खिडकीबाहेर पाहत बसले. ठरलेल्या मुक्कामातला महिना उरला असतानाच ते गावी निघून गेले आणि चांदीचा चेंडू भाचीच्या कपाटात ठेवून गेले. नीलमनं तो कधी बाहेर काढला नाही.

आर्थर नको म्हणाला होता, तरी शशिकांतला राहवलं नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, असं ठरवून तो लगेचच्या सोमवारी चेअरमनच्या केबिनमध्ये उभा राहिला आणि बसस्टॉपपासून खांबापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. कापडियांनी ऐकून घेतलं. मग ते हसायला लागले.

"समेल, यू आर टू मच. पण फोटो कसले आलेत पाहिलेस? दोघे म्हातारे हातात हात घालून. पेपरवाल्यांनी पण छापला. आता विसरून जा. आणि ऐक, पुढच्या वर्षी पण असंच काहीतरी काढ."

त्यांनी फोन उचलून नंबर फिरवायला घेतला. शशिकांत थोडा वेळ तिथेच उभा राहिला. त्याला वाटत होतं, ते मान वर करतील, निदान एक शब्द रागानं बोलतील. ते फोनवर बोलत राहिले. मग तो बाहेर आला. जिन्यात चहाचे कप घेऊन वेटर वर येत होता. "अभिनंदन साहेब, तुमचा प्रोग्राम मस्त झाला," असं तो म्हणाला, आणि शशिकांत त्याच्या नजरेला नजर न देता कडेनं खाली उतरला.