माझ्या भावाचा कोळसा

मी एक जुना लाकडी छापा आहे. कापडावर नक्षी उठवायचा छापा. माझा एक कोपरा जळून काळा झाला आहे, मूठ झिजली आहे आणि मला राग आलेला आहे. म्हाताऱ्या वस्तू गोड गोड बोलतात, डोळे पुसत जुने दिवस सांगतात, असं तुम्हाला वाटत असेल. मित्रांनो, माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. ज्या माणसाने माझा सख्खा भाऊ आंघोळीच्या पाण्यासाठी जाळला, त्याच्याच घरात मी राहतो. त्याची गोष्ट सांगताना मी गोड कसा बोलू?

पण सुरुवातीपासून सांगतो. नाहीतर म्हणाल, म्हातारा उगाच आरडाओरडा करतो.

बेंगळूरजवळ आनेकलला तळ्याकाठी आमचं रंगाऱ्यांचं घर होतं. माणसं घरात मराठी बोलायची, पण पिढ्यान्‌पिढ्या कन्नड मुलखात मुरलेली. त्या घरातले विठोजी छापे कोरायचे. त्यांनी शिसवीची एक फळी घेतली आणि कापून तिचे दोन तुकडे केले. एका तुकड्यातून मी झालो, दुसऱ्यातून माझा भाऊ. माझ्या अंगावर कोयरीची नुसती रेघ आहे. मान वाकडी, भोवती वेल, आणि पोट रिकामं. भावाच्या अंगावर होता त्या पोटात नेमका बसणारा पोपट. कोरून झाल्यावर विठोजींनी आम्हा दोघांना पंधरा दिवस तेलात बुडवून ठेवलं. तेल प्यायलेलं लाकूड तडकत नाही, असं ते म्हणायचे. हे तेल लक्षात ठेवा.

काम कसं चालायचं, तेही ऐका. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचं. मग मी बसायचो. मुठीवर तळहाताने दोनदा ठोकायचं, धप्प धप्प, की काळी रेघ उठली. माझ्यामागून भाऊ यायचा आणि माझ्या पोटात तांबडा पोपट बसवायचा. मी एकटा म्हणजे रिकामी कोयरी आणि तो एकटा म्हणजे हवेत लटकलेला पोपट. बेंगळूरच्या चिकपेटेतले दुकानदार आमचं कापड उलटंसुलटं करून बघायचे आणि मान डोलवायचे. तेव्हा छाती काय फुगायची म्हणता!

विठोजींचा मुलगा खंडोजी, आणि खंडोजीचा मुलगा शंभूराज. हाच तो. लहानपणी शाळेतून आला की दप्तर फेकून आधी माझी मूठ धरायचा. हात फार चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोलू. पण आमचा काळा रंग गंजलेल्या लोखंडाचा आणि गुळाचा. हिरडा लागलेल्या हातावर तो बसला की आठ-आठ दिवस हटत नाही. वर्गातली पोरं शंभूराजच्या शेजारी बसेनात. ‘रंगाऱ्या, हात धुऊन ये’ म्हणून चिडवत. बिचारा दोन्ही हात खिशात घालून फिरायचा. तेव्हा मला त्याची कणव यायची. आता येत नाही.

मोठा झाल्यावर तो बेंगळूरच्या एका कारखान्यात लागला. लोखंड ओतण्यासाठी लाकडी साचे करायचं काम. त्याने राजाजीनगरात घर केलं आणि बापाला घेऊन आला. आम्ही सत्तावीस छापे एका खोक्यात बसून आलो आणि थेट माळ्यावर गेलो. अधूनमधून आम्हाला खाली काढायचे, पण कशाला? हलणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घालायला! गरम पातेल्याखाली ठेवायला! माझ्या वेलीत सारू, म्हणजे चिंचेचं सार, सांडलं, ते वाळून खडखडीत झालं, तरी एकाही माणसाला पुसावंसं वाटलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग आली १९९४ सालची दिवाळी.

आदल्या दिवशी पाणी भरायचा सण. तांब्याचा हंडा चिंचेने घासून लखलखीत केला, पाण्याने भरला, त्याला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांनी तेल लावून कढत पाण्याने न्हायचं. पण आठवडाभर पावसाने पाठ सोडली नव्हती. सरपण ओलंचिंब. शंभूराज चुलीत फुंकर घालून घालून लालबुंद झाला, नुसता धूर निघाला. तेव्हा हा पठ्ठ्या उठला, माळ्यावर चढला आणि आमचं खोकं घेऊन खाली आला.

आम्ही भडभडा पेटलो, मित्रांनो. का ते ओळखलंत? तेल! आम्ही पिढ्यान्‌पिढ्या टिकावं म्हणून विठोजींनी पाजलेलं तेल! “बघा, कसं छान पेटलं,” असं शंभूराज म्हणाला. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत गेला. आणि खंडोजी? तो पाटावर डोक्याला तेल लावून बसला होता. लेकाच्या घरात कशाला बोला, म्हणून गप्प राहिला. त्याचाही मला राग आहे.

मी जाळात शेवटी पडलो. जाळाने माझा कोपरा धरला, एवढ्यात शंभूराजची लेक दिव्यश्री केस मोकळे सोडून न्हायला आली. दहा वर्षांची पोर. तिने चुलीत वाकून पाहिलं आणि किंचाळली, “अय्यो अप्पा, चित्र जळतंय!”

चिमटा उचलून तिने मला बाहेर ओढलं आणि पाण्याच्या बादलीत टाकलं. सबंध घरात एकटीला दिसलं की हे लाकूड नाही, चित्र आहे.

दुपारी चूल निवल्यावर ती राख उकरायला बसली. तिला एक लांब कोळसा सापडला. त्याच्यावर पोपटाच्या शेपटीच्या तीन रेघा अजून दिसत होत्या. तिने तो उचलला आणि धुण्याच्या दगडावर ओढला. मऊ काळी रेघ उठली. अशी काय हरखली! मग दुसरी, मग तिसरी. मी बाजूला वाळत पडलो होतो आणि संतापाने थरथरत होतो. माझ्या भावाला घासून घासून ही पोरगी चित्रं काढते! आधी जाळलं ते पुरलं नाही का?

आणि मग मी दगडाकडे पाहिलं. तिथे माझी मान होती. वाकडी, थोडी जास्तच वाकडी, पण माझीच.

शाळेत तिला चित्रकला शिकवत, म्हणजे मिस फळ्यावर दोन डोंगर काढत, मधे सूर्य, खाली नदी. चाळीस मुलं तेच उतरवत. दिव्यश्रीला वाटायचं, आपल्याला चित्र येत नाही. आता दगड भरला, पाणी टाकून पुसला, पुन्हा भरला. जास्वंद, आईची परडी, तांदळाचं सूप, सुपाची वीणसुद्धा. सूप कुणी तरी हाताने विणलंय हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. “आई, हे वर-खाली, वर-खाली जातं!” म्हणून ती घरभर नाचली. कबूल करतो, माझा राग स्वल्प उतरला.

शंभूराजने तो दगड पाहिला आणि तिची काळी बोटं पाहिली. “हात काळे करायला शाळेत घातलंय का तुला?” तो ओरडला. “तो छापा पुन्हा दिसला तर चुलीत जाईल. सांगून ठेवतो.”

आता दिव्यश्रीने काय करावं? तिने मला तांदळाच्या डब्यात लपवलं आणि आजोबाला गाठलं. आजोबाला ती ताता म्हणते.

“ताता, ह्याच्या पोटात काय होतं?”

“पोपट होता.”

“कसा होता?”

खंडोजीने कोळसा तिच्या हातात ठेवला. “सांगून कळत नाही, पुट्टी, पोरी. तू काढ. चुकलं तर चुकलं म्हणतो.”

दुसऱ्या दिवशी त्याने एका मडक्यात गंजके खिळे आणि गूळ भिजत घातला. शंभूराज कामावर गेला की मला डब्यातून काढायचे. माझ्या अंगावरचं सारू पहिल्यांदा धुतलं ते त्या पोरीने, जुन्या टूथब्रशने. पंधरा दिवसांनी रंग पिकला. खंडोजीने फाटक्या धोतराचा तुकडा हिरड्यातून काढला, तिचा तळहात मुठीवर ठेवला आणि म्हणाला, “ठोक.” धप्प धप्प. पंधरा वर्षांनी मी कापडावर उठलो! पोरीने श्वास रोखून धरला होता. मीही.

पण पोट रिकामं. म्हणून तिने काय आणलं असेल? बटाटा! मित्रांनो, बटाटा! माझ्या शिसवी भावाच्या जागी हुळीच्या आमटीत पडायचा बटाटा! मी बोलू शकलो असतो तर त्या दिवशी राजाजीनगर दणाणलं असतं. तिने कोळशाने काढून काढून पोपट पक्का केला होता. चाकूने तो बटाट्यावर कोरला, तांबड्या रंगात बुडवला आणि माझ्या कोयरीत बसवला. पोपटाचं तोंड भलतीकडे! शेपटी माझं पोट फाडून बाहेर! तिला रडू फुटलं. खंडोजी पोट धरून हसत होता.

“चुकलं, चुकलं,” तो म्हणाला. एवढंच. कुठे चुकलं ते सांगेना.

ती दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी तिने मला माझ्याच ठशाशेजारी ठेवलं आणि बघत बसली. मी डावीकडे वाकलेला, ठसा उजवीकडे. एकदम उठली. “अय्यो ताता! छापा उलटा असतो! कापडावर सुलटं यायला मी उलटं कोरायला पाहिजे!” तिने पोपट पातळ कागदावर काढला, कागद पालथा घालून खिडकीच्या काचेला लावला आणि तिथून बटाट्यावर उतरवला. या खेपेला पोपट माझ्या पोटात जाऊन बसला. एकदम बरोबर नाही, पण बसला. मग त्या पोरीने जे दिसेल ते उलटं काढायचा सपाटा लावला. स्वतःचं नाव, बसचा नंबर, मिसचे डोंगरसुद्धा. बटाटा दोन दिवसांत सुकायचा, की नवा. एका महिन्यात मला नऊ भाऊ झाले आणि नऊही मेले. पण दर वेळचा पोपट आधीपेक्षा चांगला.

आणि एका शनिवारी शंभूराज अर्ध्या दिवसाने घरी आला.

दिव्यश्री अंगणात बसली होती, दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. शंभूराजचा चेहरा राखेसारखा झाला.  त्याने मला उचललं आणि चुलीकडे निघाला. दिव्यश्रीची आई भांडी टाकून धावत आली. “अहो, पोरीचं चित्र आहे ते!”

“मला माहीत आहे काय आहे ते,” तो म्हणाला. “हे हात घेऊन सोमवारी शाळेत जाईल. पोरं काय म्हणतात ते तिला माहीत नाही, मला माहीत आहे.”

दिव्यश्री त्याच्या शर्टाला लटकली. “नको अप्पा! नको!”

तेव्हा खंडोजी उठला. दिवाळीपासून पोटात दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. “घाल! तूच घाल! पण आधी मूठ नीट धर. तिथं तुझ्या अंगठ्याची जागा आहे. तू दहा वर्षांचा असताना झिजवलीस ती. सव्वीस जाळलेस, मी गप्प बसलो. माझंच चुकलं. हा एक माझ्यासमोर जाळून दाखव.”

शंभूराजने खाली पाहिलं. त्याचा अंगठा त्या खळग्यात आपोआप जाऊन बसला होता. जाळ दोन हातांवर होता, मित्रांनो. माझ्या जळक्या कोपऱ्याला धग लागत होती.

तो वळला. वाळत घातलेल्या कापडाकडे गेला. एका ओळीत नऊ पोपट. पहिला भलतीकडे बघणारा, दुसरा कोयरीत बसलेला, आणि शेवटचा अगदी चपखल. त्याने पाटावरचा बटाटा उचलून निरखला.

“हे उलटं कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही,” दिव्यश्री नाक ओढत म्हणाली. “चुकलं, मग कळलं.”

“कारखान्यात नव्या पोरांना सहा महिने लागतात,” तो पुटपुटला. “पोकळ कुठं, भरीव कुठं, डावं-उजवं. सहा महिने.” मग त्याने बटाटा खाली ठेवला. “बटाटा टिकत नाही. कागद आण तुझा.”

त्या रविवारी त्याने घरचं शिसवीचं फुटकं पोळपाट कापलं आणि आपल्या पटाशीने पोपट कोरला. दिव्यश्रीच्या कागदावर होता तस्सा, तिने चुकून काढलेल्या जास्तीच्या पिसासकट. पिसाशी थांबून त्याने विचारलं, “हे ठेवू की काढू?” ती म्हणाली, “ठेवा.” मग पंधरा दिवस तेल. मग मी, आणि माझ्यामागून तो. शंभूराजने स्वतः ठोकलं, धप्प धप्प. पोरगी कापड डोक्यावर घेऊन अंगणभर फिरली.

हा नवा छापा माझा भाऊ नाही. कुणी तसं म्हटलं तर मला चालणार नाही. माझा भाऊ कोळसा झाला आणि धुण्याच्या दगडावर झिजून संपला. पण हा पोपट माझ्या पोटात नीट बसतो, एवढं मी मान्य करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंभूराज कारखान्याला निघाला. हातावर काळा रंग तसाच होता. दाराशी आल्यावर जुन्या सवयीने त्याचे दोन्ही हात खिशात गेले. दिव्यश्री दप्तर घेऊन उभी होती, तिचेही हात काळेच. तिने बापाकडे पाहिलं आणि आपले हात हळूच पाठीमागे नेले.

शंभूराज थांबला. त्याने दोन्ही हात खिशातून काढले, लेकीचा एक हात आपल्या हातात घेतला आणि दोघं भर रस्त्याने बस स्टॉपकडे गेली.

तेवढ्यासाठी मी त्याला अर्धी माफी दिली. उरलेली अर्धी सव्वीस जणांची आहे, ती द्यायचा अधिकार मला नाही. मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर कुणी तरी हाताने केलेली एखादी वस्तू पडली असेल. जाळायची असेल तर जाळा, तुमचं घर आहे. पण त्याआधी एकदा तिची मूठ धरा आणि तुमचा अंगठा कुठे बसतो ते बघा.