मोहाखालची पडताळणी

मुलांच्या विम्याची पडताळणी करायला आलेल्या हेमराज साहेबांनी दोन दिवस सकाळी आठला गावात येऊन बहुतेक दारं बंद पाहिली आणि यादीत लिहून टाकलं, 'लाभार्थी आढळला नाही.' माणूस वाईट नव्हता, पण राहणारा चंद्रपूर शहरातला. मार्चअखेरीला धानोऱ्याकडच्या गावात सकाळी आठला घरी कोण सापडणार? मोहाची फुलं पडायला लागली की अख्खं गाव पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जातं, लेकराबाळांसकट. उशीर केला तर फुलं गुरं आणि हरणं खाऊन मोकळी होतात.

गावची आशा सेविका रंजीता ते दोन्ही दिवस तालुक्याला प्रशिक्षणात अडकली होती. तिसऱ्या दिवशी तिनं यादी पाहिली आणि थेट हेमराज साहेबांना गाठलं. मुलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता सरकार भरायचं, पण पुढच्या वर्षाचा निधी मिळायचा तो पडताळणी झाल्यावर. गावातली निम्मी मुलं तरी सापडायला हवीत. त्रेचाळीसपैकी सापडली होती नऊ.

त्या नऊ जणांत तिची नंदिनी होती, कारण नंदिनी कुठे जाऊच शकत नव्हती. आठ वर्षांची पोर, हृदयाला छिद्र. अंगणातून विहिरीपर्यंत गेली तरी ओठ निळे पडायचे. "बस, दम खा," हे रंजीता तिला दिवसातून वीसदा म्हणायची. नागपूरला ऑपरेशनची तारीख मिळाली होती, अठरा एप्रिल. विमा संपत होता एकतीस मार्चला, आणि आज एकतीसच होती.

"तुमच्या मुलीचं नाव तर आहे यादीत," हेमराज म्हणाले.

"तिच्या एकटीचं असून का करू, सायेब? गावाचा पैसाच नाई आला तं तिचं कार्ड कसं चालन?"

"मग बोलवा लोकांना. पाचला यादी बंद होते."

"झाड सोडून कोणी येनार नाई. तुमीच चला जंगलात. इथी हरेक घराचा आपला मोह ठरलेला आहे, आज्या-पणज्यापासून. कोणाचं झाड कुठी, मले सारं पाठ आहे."

हेमराज अडले. नियमात 'घरी जाऊन' असं स्पष्ट लिहिलं होतं. मग मात्र रंजीताचा पारा चढला.

"घरी गेले होते ना तुमी दोन दिवस? कुलूप भेटलं. तुमाले लेकरं पायजे का कुलूप पायजे?"

साहेबांनी बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि तिच्या मागे निघाले.

पहिलं झाड देवाजीचं. त्याची दोन्ही पोरं खाली वाकून फुलं वेचत होती. पुढे नाल्याकाठी चैतूचं झाड, तिथे तीन लेकरं. गिरजाबाईची नात तर सावलीत लुगड्यावर गाढ झोपली होती. तिला न उठवताच तिचा फोटो काढला. जंगलात नेटवर्क नव्हतं, पण फोटो आणि नावं मोबाईलमध्ये साठत होती. शेऱ्याच्या रकान्यात हेमराज प्रत्येक वेळी एकच लिहीत होते, 'मोहाखाली भेट झाली.' कुणी त्यांच्या ओंजळीत फुलं घातली, तर त्यांनी तीही खाल्ली.

दुपार उतरेपर्यंत आधीची नऊ धरून एकोणचाळीस मुलं झाली. रंजीताला मागे बसवून साहेबांनी मोटारसायकल धानोऱ्याला पिटाळली. नेटवर्क आलं, यादी गेली, तेव्हा घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती. रंजीताचा जीव भांड्यात पडला.

निधी मंजूर झाला. ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झालं.

पुढच्या मार्चमध्ये हेमराज पहाटे पाचलाच गावात हजर. बोलावणं नाही, निरोप नाही. हातात टॉर्च तेवढी. वाट दाखवायला नंदिनी पुढे निघाली, डोक्यावर छोटी टोपली घेऊन. टेकाडाची चढण लागली आणि साहेबांना धाप लागली. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

नंदिनी वरून वळून म्हणाली, "बसा सायेब, दम खा."

हेमराज मुकाट्यानं दगडावर बसले. मागून येणारी रंजीताही त्यांच्याशेजारी बसली. तिला धाप लागली नव्हती. तिला रडू आलं होतं, आणि तिनं ते येऊ दिलं.