धानावरून सायकल नेत नाहीत

सायकली होत्या तेव्हा रस्ता नव्हता. आता रस्ता आला, तर सायकली नाहीत. भंडाऱ्याच्या टोकाला, पवनीकडे जाणाऱ्या रस्त्याचे गेल्या वर्षी दोन भाग झाले. मधोमध छातीएवढं लोखंडी कुंपण उभं राहिलं आणि दोन्ही कडांना हिरवा रंग फासलेला सायकलपट्टा आला. पट्ट्यावर पांढऱ्या सायकलीचं चित्र. त्या चित्रावर दिवसभर चारचाक्या उभ्या असतात. फीत कापायला जे आले होते, त्यांच्यातला एकही सायकलवर आला नव्हता.

त्या वस्तीत सायकल चालवणारं एकच माणूस उरलं होतं. निर्मलाबाई. साठी ओलांडलेली, नवरा टेकचंद वारलेला, लेक पुण्याला. उजवा गुडघा असा, की चार पावलं चालली तर डोळ्यांपुढं काजवे. पण सीटवर बसली की भार सीटवर, पाय नुसते फिरायचे. डॉक्टर म्हणाला, चालणं कमी करा. सायकल बंद करा असं तो म्हणाला नाही, कारण या वयाची बाई सायकल चालवत असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सायकल जायची एकाच घरी. रस्त्यापलीकडच्या सत्यभामाबाईकडे. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हिचा गुडघा गेलेला. संध्याकाळचा चहा दोघी मिळून प्यायच्या, बाकी दिवस ज्याचा त्यानं काढायचा. कुंपणाआधी रस्ता सरळ ओलांडता यायचा. आता नियम असा, की हिरव्या पट्ट्यानं खाली चौकापर्यंत जायचं, तिथं उतरायचं, झेब्राच्या पट्ट्यांवरून सायकल हातानं ढकलत न्यायची आणि पलीकडच्या हिरव्या पट्ट्यानं परत वर यायचं. चहा समोर दिसतो, पण गावाला वळसा घालून प्यायचा! तरी ती जायची. झेब्रावर दात आवळून चालायची.

त्या दिवशी दुपारी सत्यभामाबाईचा फोन आला.

"निर्मला, माहा पोरगा मनिष आला वं. आजच घेऊन जाऊन राहिला नागपूरले. घर विकाले काढलं म्हणते."

"आज? उद्या म्हणत होता ना!"

"त्याले सुटी नाही. चहा ठेवतो मी, ये लवकर."

निर्मलाबाईनं लाखोळीची डाळ पिशवीत बांधली. नागपुरात काय डाळ मिळत नाही? मिळते. पण सत्यभामाबाईला हिच्या हातची निवडलेलीच लागायची. पिशवी हँडलला अडकवली आणि निघाली.

थोडं पुढं गेली आणि ब्रेक दाबला. हिरव्या पट्ट्यावर धान वाळत घातलेलं. पार चौकाच्या अलीकडपर्यंत पिवळंधमक, कडेनं दगड मांडलेले. दिवाळीनंतर या भागात जो सपाट तुकडा दिसेल तो धानाचा. शेजारचा कवडू चपला काढून ठेवून पायानं धान फिरवत होता.

"जा ना मावशी, वरतून जा," कवडू म्हणाला. "सकाळपासून फटफट्या जाऊन राहिल्या. कोण ऐकते?"

"फटफटीवाल्याले माय नसन. चाक घालू का मी लक्ष्मीवर?"

"मंग थांब, बाजूले सारतो."

कवडूनं फावडं शोधायला सुरुवात केली. ते पोत्याखाली होतं, पोतं दुसऱ्या पोत्याखाली. निर्मलाबाईला दम नव्हता. पलीकडे सत्यभामाबाईच्या दारात गाडीची डिक्की उघडी दिसत होती. तिनं सायकल मोठ्या रस्त्यावर घातली. मागून ट्रकनं असा हॉर्न दिला की हँडल लटपटलं, पण बाई पडली नाही.

चौकाच्या तोंडाशी खाकीवाल्यानं काठी आडवी केली.

"ओ आजी! तुमच्यासाठी हिरवा पट्टा केला ना? मंग गाड्यांत काहून घुसता?"

"पट्ट्यावर धान हाय बाबू."

"ते मले नोका सांगू. मरान, अन् आमच्यावर आणान."

"सोड बाबू, मैत्रीण चालली माही. गाडी निघून राहिली तिची."

त्यानं वाकून मागच्या चाकाची हवा सोडली. फुस्स! पट्ट्यावर उभ्या मोटारीची हवा यानं कधी सोडली नव्हती. धान घालणाऱ्याला कधी हटकलं नव्हतं, कारण त्याच्याही घरचं धान कुठल्यातरी रस्त्यावर वाळतच असणार. हवा सुटली ती बुढीच्या सायकलीची.

"आता चालत जा. झेब्रावर तसंही चालतच जायचं असते."

सायकलीचा आधार घेत, पाय ओढत ती झेब्राशी पोचली. थांबली. गाड्या काही थांबेनात. ते पांढरे पट्टे कशासाठी असतात हे चालणाऱ्याला सांगितलं होतं, चालवणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. ती एक पाऊल टाकायची, हॉर्न वाजायचा, पाऊल मागं यायचं.

तेवढ्यात पलीकडून, चक्क उलट्या बाजूनं, हिरव्या पट्ट्यावरूनच एक पांढरी गाडी खाली आली. मनिषची. सरळ वर जाऊन वळून यायचं तर लांब पडलं असतं. निर्मलाबाईनं हात वर केला. पिशवी उंच धरली.

"मनिष! ए मनिष!"

काचा काळ्या, वर चढवलेल्या. आत मागच्या सीटवर पांढरं डोकं दिसल्यासारखं झालं. त्या डोळ्यांना हात काय, हत्ती दिसला नसता. खाकीवाल्यानं शिट्टी वाजवून इकडच्या गाड्या अडवल्या, मनिषला वाट करून दिली. गाडी झेब्रावरून वळली, निर्मलाबाईच्या समोरून गेली आणि रांगेत मिसळली.

गाड्या पुन्हा सुटल्या. तशी निर्मलाबाई झेब्रावर उतरली. पंजा उघडून हात समोर धरला, दुसऱ्या हातानं हवा गेलेली सायकल ओढत. करकचून ब्रेक लागले. कोणीतरी आईवरून शिवी दिली.

"आता कायले जाता आजी?" खाकीवाला ओरडला. "गेली ना ते गाडी!"

"नियमानं जाऊन राहिली!" ती तशीच ओरडली. "उतरली हाव, ढकलून राहिली. वाजव ना शिट्टी माह्यासाठी!"

त्यानं शिट्टी वाजवली नाही. पण गाड्या उभ्याच राहिल्या, कारण ती हटेना. गुडघा पेटला होता. ती हळूहळू, एकेक पट्टा ओलांडत पलीकडे गेली, मग तिथून चढ चढत सत्यभामाबाईच्या दारापर्यंत. पोचायला दिवस कलला.

दाराला नवं कुलूप होतं. ओट्यावर एक कप झाकून ठेवलेला. झाकण काढलं. चहावर साय धरली होती. तिनं तो थंडच पिऊन टाकला, कप नळावर विसळला आणि पालथा ठेवला. मग डाळीची पिशवी मांडीवर घेऊन बसली.

समोर, कुंपणापलीकडे, तिचं स्वतःचं घर दिसत होतं. दार उघडंच राहिलं होतं. कवडू धान गोळा करत होता. तिनं हाक मारली, पण मधे ट्रक होते.