सुपरवायझरचा दाखला

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत सांगतात. मला अजून हसू येत नाही.

२००६ साली मी भिवंडीजवळ काल्हेरला केसरीनाथशेठच्या गोडाऊनमध्ये हिशेब लिहायची, पगार वाटायची. बाळारामकाका तिथे हमाल होते. कापडाच्या गाठी पाठीवरून ट्रकमध्ये चढवायचे, महिन्याला जेमतेम तीन हजार मिळायचे. त्यांच्या भाच्याला, मनोजला, टेम्पोसाठी कर्ज हवं होतं आणि फायनान्सवाल्याला पगारदार जामीन पाहिजे होता. हमाल चालत नव्हता. काकांनी हात जोडले, आणि मी, दानशूर कर्णाची धाकटी बहीण, लेटरहेडवर लिहून दिलं: बाळाराम, गोडाऊन सुपरवायझर, पगार सात हजार. शेठनी न वाचताच सही ठोकली. असे दाखले आमच्याकडे सर्रास देतात. कुणाच्या मुलीचं लग्न जमायचं असतं, कुणाला भाड्याची खोली हवी असते. कागदावर माणूस मोठा केला तर आपलं काय जातं?

मनोज टेम्पोसकट पसार झाला. फायनान्सवाला कोर्टात गेला, निकाल काकांच्या विरुद्ध लागला, आणि एका सकाळी कोर्टाचा बेलीफ शेठच्या नावाचा हुकूम घेऊन ऑफिसात आला. सात हजारांतले पहिले एक हजार सोडायचे, उरलेल्यांचा तिसरा हिस्सा दर महिन्याला कापून कोर्टात भरायचा. म्हणजे दोन हजार. कर्ज फिटेपर्यंत, नाहीतर चोवीस महिने. मालकाने कापले नाहीत तर मालकाकडून वसूल.

"कापून टाक," शेठ म्हणाले. "त्याच्यापायी मी कशाला भरू?"

पगाराच्या दिवशी मी काकांच्या हातात हजार रुपये ठेवले. घरात खाणारी चार तोंडं. त्यांनी नोटा खिशात घातल्या आणि म्हणाले, "बाय, तुमचा काय दोष? तुमी तं माजं भलंच केलाव." त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात तोच बेलीफ दुसऱ्या कामासाठी आला. काका गाठ घेऊन वाकून चालले होते. तो बघतच राहिला.

"हा तुमचा सुपरवायझर? अहो मॅडम, अंगमेहनत करणाऱ्याची मजुरी जप्तच होत नाही. एक पैसासुद्धा नाही. अर्ज करा, कोर्टात खरं सांगा."

खरं सांगा! सही शेठची, अक्षर माझं. मी शेठना विचारायला गेले तर ते खुर्चीतून अर्धे उठले. "मी न वाचता सही केली ती तुझ्या विश्वासावर. माझी अब्रू वेशीला टांगलीस तर दुसऱ्या दिवशी इथं पाय ठेवायचा न्हाय." मी घाबरले. बाबांचे पॉवरलूम बंद पडल्यापासून आमचं घर माझ्याच पगारावर चालत होतं. तीन दिवस मी गप्प बसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. चौथ्या दिवशी काकांना घेऊन वकिलाकडे गेले.

भिवंडीच्या कोर्टात नाव पुकारलं तेव्हा शेठ मागच्या बाकावर बसले होते. न्यायाधीशांनी विचारलं, तसं मी एका दमात सांगून टाकलं. "साहेब, हे हमाल आहेत. दाखला खोटा आहे. मी लिहिला."

"खोटा दाखला देणं गुन्हा आहे, माहीत आहे?"

"आता कळलं, साहेब."

त्यांनी काकांकडे पाहिलं. "तुम्ही काय काम करता?"

काका पुढे झाले. माझ्याकडे बघितलंही नाही. "सुपरवायझर हाय, साहेब. सात हजार पगार हाय. बाय घाबरलीय, म्हणून कायतरी बोलते."

मला वाचवायला हा माणूस दोन वर्षं उपाशी राहायला निघाला होता. मी ओरडले, "काका, नको!" शिपायाने मला गप्प केलं.

न्यायाधीशांनी फाइलमधला तो दाखला काकांकडे दिला. "सुपरवायझर ना? मग वाचून दाखवा."

काकांनी कागद दोन्ही हातांत धरला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. कोर्टात कुणीतरी खोकलं. काकांच्या कानशिलावरून घाम गळत होता. शेवटी त्यांनी कागद बाजूला केला आणि मान खाली घातली.

जप्ती उठली. कापलेले पैसे परत करायचा हुकूम झाला. मला आणि शेठना पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगितलं. बाहेर येताच शेठ गाडीत बसता बसता म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

काका व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. मी जवळ गेले, म्हटलं, काका, सुटलात. त्यांनी माझे हात धरले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"माफ कर गं बाय. मना दोन अक्षरां आली असती, तं तुजी नोकरी राहिली असती."