गायरीतल्या पांढऱ्या अळ्या

आमचे सात माड होते, तीन मेले. चौथ्याच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसायला लागल्या तेव्हा सासऱ्यांनी नारळ उतरवणाऱ्या केरू पाडेल्याला वर चढवलं. त्याने शेंड्यात तार घालून शिंगवाला काळा भुंगा ओढून काढला. सासऱ्यांनी तो चपलेखाली चेचला आणि लगेच गायरीतलं, म्हणजे शेणाच्या खड्ड्यातलं, खत आणून त्याच माडाच्या बुंध्याशी ओतलं. खतात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"बाबा, ह्याच अळ्यांचे भुंगे होतात. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात विचारून आलेय मी. आधी गायरी उपसा."

"काय गो दर्शना, अळीला शिंग असतं काय? ती बिचारी खत कुजवते. भुंगा रानातनं येतो."

शेपटीवालं पिल्लू बघून बेडूक ओळखणारा हा माणूस. आयुष्यभर शेणात हात, पण त्यात काय जन्मतं ते बघायचं नाही.

शेवटी त्यांच्यादेखत काचेच्या बरणीत खत भरून एक अळी सोडली. माझा भरवसा नाही म्हणून तोंडाला जाळी त्यांनीच बांधली, सुंभाच्या सात गाठी मारून.

महिन्याभराने अळीने काचेलगत पोकळी केली आणि तिचा तपकिरी कोष झाला.

"मारलीस तिला," बाबा म्हणाले.

"शेपटाकडून हलतेय, बघा."

"वाऱ्यानं."

खतात गाडलेल्या कोषाला कुठला वारा! मी बरणी उचलून परत जागेवर ठेवली.

पौषात एका सकाळी जाळीवर खरखर सुरू झाली. काळाकुळकुळीत भुंगा, नाकावर शिंग. खाली कोषाची रिकामी साल. बाबांनी गाठी मोजल्या. सातही जशाच्या तशा.

"आत शिरला कुठनं हा?"

मी खोरं आणून त्यांच्या हातात दिलं. दुसरं मी घेतलं. दुपारपर्यंत गायरी तळापर्यंत उपसली. अळ्यांनी दोन बादल्या भरल्या, कोष वेगळेच. बाबा घाम पुसत बादलीत बघत बसले.

"हे मला आधी कोण बोललं नाय," ते म्हणाले.

गणपतीपासून मी घसा फोडत होते. चौथ्या माडाचा नवा कोंब उलगडेल तेव्हा कळेल, जगतो की जातो. मी खाली मान घालून घमेलं भरत राहिले. तोंड उघडलं असतं तर बाबांनाही बादलीत घातलं असतं.