अक्काला तर अजिबात नको

अक्काच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मंगळवार पेठेतली सगळी गल्ली सांगेल. गल्लीतली बातमीही तिलाच आधी कळायची, तेव्हा अशा बाईपासून काही लपवायचं म्हणजे कठीणच. पण परवा ती वाळत घातलेल्या कुरडया बघायला गच्चीवर गेली आणि तिच्या पोटच्या पोराचा, अभिरामचा, दबका आवाज तिच्या कानावर पडला. तो बायकोला सांगत होता, "एवढ्यात डिक्लेअर नको करूया. अक्काला तर अजिबात नको."

अक्का आल्या पावली खाली आली. कुरडया राहिल्या बाजूलाच.

खाली दादा पेपर वाचत बसले होते. ऑफिसात जन्म घालवलेला माणूस, त्यांना इंग्रजी कळायचं. डिक्लेअर म्हणजे काय, असं बायकोनं विचारल्यावर ते खुलले. निकाल डिक्लेअर होतो, म्हणाले. तिकिटं डिक्लेअर होतात, मग ज्याला मिळालं नाही तो दुसऱ्या पक्षात जातो. विमानतळावर सोनं डिक्लेअर करायचं, नाहीतर पकडतात. युद्ध डिक्लेअर करतात. आणि क्रिकेटचा कॅप्टन डाव डिक्लेअर करतो, म्हणजे गडी शिल्लक असतानाच बास म्हणतो.

घरात ना कुणाची परीक्षा होती, ना कुणी दुबईला गेलं होतं. अक्काच्या डोक्यात शेवटचं तेवढं रुतलं. गडी शिल्लक असताना डाव सोडायचा! म्हणजे वेगळं निघायचं. पुण्याला नाहीतर इथंच कुठं फ्लॅट बघितलाय, आणि सामान हलेपर्यंत आईला पत्ता लागू द्यायचा नाही.

मग काय, संशयाला खतपाणी घालायला वेळ लागतो का? नवरा-बायको शुक्रवारी गुपचूप बाहेर जाऊन आली, फ्लॅट. सून मधुवंती खोलीचं दार लोटून फोनवर तिच्या आईशी बोलली, फ्लॅट. एकुलता एक पोरगा गेला तर या घरात आपण दोघं म्हातारी काय करणार, या विचारानं अक्काचा जीव अर्धा झाला. गल्लीतल्या कुठल्याही सुनेला नुसतं मळमळलं तरी हिला आधी कळायचं, पण आता डोळ्यांसमोर फक्त तो फ्लॅट होता.

रविवारी जेवताना तिनं विषय फोडला. "फ्लॅट कुठं घेतलाय ते तरी सांगा की. का आमी परकी हाय?"

अभिराम घास हातात धरून बघतच राहिला. मधुवंतीनं ताट बाजूला सारलं.

"फ्लॅट नाही, अक्का. मला दिवस गेलेत. तिसरा चालू आहे."

अक्का आनंदानं उठलीच, आणि अर्ध्यात थबकली. "मग मला का न्हाय सांगितलंसा?"

"गेल्या वर्षी सांगितलं होतं. तुम्ही भाजीवालीपासून देवळातल्या रांगेपर्यंत सगळ्यांना सांगितलंत. मग ते राहिलं नाही, तेव्हा भेटेल त्याला मला सांगावं लागलं. तुम्ही तेवढ्या दिवसांत घराबाहेर पडला नाहीत."

दादांनी मान खाली घातली. अक्काला राग आला, आणि मग राग कुणावर काढायचा तेच कळेना. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या चिमणाबाईनं तिला दारात गाठलं. सून हल्ली बादली उचलत नाही, पोरगाच पाणी वर नेतोय, काय विशेष, असं डोळे मिचकावून विचारलं. अक्काच्या जिभेवर आलेलं तिनं कसं गिळलं ते तिचं तिला ठाऊक.

"तिची कंबर धरलीया," ती म्हणाली.

वर आल्यावर मधुवंतीनं विचारलंच, काय बोलणं झालं म्हणून. अक्कानं होतं तसं सांगितलं. सुनेनं ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसला नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. अक्का तांदूळ निवडायला बसली. बोलून पटणार होतं थोडंच!

संध्याकाळी दार वाजलं. चिमणाबाई निर्गुडीचा पाला घेऊन आली होती. कंबरेला ह्याचा शेक घे, वाकू नको, असं मधुवंतीला बजावून ती गेली.

मधुवंती पाला हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. अक्का भाकरी थापत होती, मान वर करत नव्हती.

"शुक्रवारी तपासणी आहे," मधुवंती म्हणाली. "तुम्ही येता माझ्याबरोबर?"

"मी आलो तर गल्ली इचारंल की."

"मग तुमचीही कंबर धरली म्हणून सांगू."