मीठसायबाच्या बंगल्यातली भिंत

"खारट हाय," आमचे हे भिंतीकडे तोंड करून पुटपुटले.

सकाळचे सहा वाजले असतील. मी डोळे मिटूनच विचारलं, "काय खारट आहे?"

"काय न्हाय. झोप तू."

आमच्या घरात 'काय न्हाय' ऐकू आलं की उठून बसावं लागतं. मी लालबागची, आणि हे, म्हणजे सुभाष, इथून जवळच्याच राई गावचे. तेहतीस वर्षांत माझी भाषा त्यांना लागली, पण मनात काही सलायला लागलं की राई बाहेर पडते. मी उठले. म्हणजे उठायचा प्रयत्न केला. इथला पलंग एवढा उंच की चढायला-उतरायला लाकडी पायरी ठेवली आहे, आणि ती पायरी ह्यांच्या बाजूला. घसरत खाली आले, गुडघ्यात कळ आली, आणि बघते तर हे भिंतीशी उकिडवे बसलेले. उजव्या हाताचं बोट तोंडात.

"भिंत चाटताय?"

"चाटत न्हाय. बोट लावून बघितलं."

बंगला उत्तनच्या पुढे, अगदी समुद्रावर. इंग्रजांच्या काळात मिठावरचा कर गोळा करणारा साहेब इथे राहायचा, म्हणून आसपासच्या गावांत याला अजून मीठसायबाचा बंगला म्हणतात. माझे सासरे बाबुराव लहानपणी आपल्या वडिलांबरोबर मिठागराच्या कामासाठी इथे यायचे, तेव्हा फाटकाबाहेर चपला काढून उभं राहावं लागे. "चपला असल्या तर," असं ते हसून पुढे जोडायचे. साहेब गेला, बंगला बंद पडला, आत वडाची रोपं उगवली. मग भाईंदरच्या हंसाबेननी तो घेतला आणि हॉटेल करायचं ठरवलं. नाव 'लवण व्हिला'. दुरुस्तीचं काम दिलं आमच्या यतीनला. नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस थाटलेल्या आर्किटेक्टचं हे पहिलं मोठं काम. पुढच्या रविवारी उद्घाटन आहे. त्याआधी आर्किटेक्टच्या आईवडिलांनी दोन रात्री राहून बघावं, ही हंसाबेनची हौस.

हौस चांगली आहे, पण काल दुपारपासून माझा जीव मेटाकुटीला आलाय. बाथरूममध्ये सिंहाचे पाय असलेला टब आहे, बादली नाही. टबात उतरायला माझा गुडघा तयार नाही. बादलीसाठी फोन करावा तर फोन जुना, चकती फिरवायचा, आणि तो शोभेचा निघाला. छताला कापडाचा लांबलचक पंखा, तोही शोभेचा. त्याच्या खाली एसी, तो खरा, पण त्याचा रिमोट कुठल्याशा कोरीव पेटीत. ती पेटी सापडेपर्यंत ऑक्टोबरच्या उकाड्याने मी घामाने निथळत होते. शेवटी ह्यांनी खाली जाऊन बादली आणली. झाडांना पाणी घालायची होती, हिरवी. तांब्या नव्हताच. साहेबाच्या चहाच्या कपाने मी आंघोळ केली.

आणि फोटो. काल आल्या आल्या मला त्यांचंच हसू आलं होतं. जहाजाचं चित्र, मुंबई बंदराचा नकाशा, मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला कुणी गोरा. सगळे सुंदर फ्रेममध्ये, आणि सगळे गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"हे कुणासाठी लावलंय? मांजरांसाठी?" मी म्हटलं होतं.

ह्यांनी तेव्हा एक फ्रेम जरा हलवून बघितली होती. आता वाघवाला गोरा खाली उतरवून जमिनीवर ठेवलेला होता, आणि त्याच्यामागची भिंत मला दिसली. रंगाला मोठे फोड आलेले. फोड जिथे फुटले तिथून कापसासारखं पांढरं काहीतरी बाहेर आलेलं. ह्यांनी नखाने टोचलं तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा रंग सुटून खाली पडला.

"मीठ," हे म्हणाले. "पार कंबरेपर्यंत चढलंय. ते कपाट बघ, खिडकीला आडवं कोण ठेवतं कपाट? त्याच्यामागंबी हेच असंल."

"लावा तो गोरा परत. लावा आधी."

त्यांनी लावला. माझ्याकडे बघितलंही नाही. ते न बघणं मला बरोबर लागलं.

कारण हे मला माहीत होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत यतीन बाबांना काम दाखवायला घेऊन आला होता. सुभाष सरकारी बांधकाम खात्यात सुपरवायझर होते, उभा जन्म जुनी विश्रामगृहं दुरुस्त करण्यात गेला. त्यात मिठागरवाल्याचा मुलगा. खारी हवा भिंतीचं काय करते हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही. संध्याकाळी भाईंदरला, इंद्रलोकमधल्या आमच्या घरी आले ते चपला न काढताच सोफ्यावर बसले.

"पोरगं चुन्याच्या भितीला सिमेंट फासतंय," म्हणाले. "वरून प्लास्टिकचा रंग. अगं, चुन्याची भित श्वास घेते. खारं पाणी आत घेते, बाहेर टाकते. तिचं तोंड दाबलं तर मीठ जाणार कुठं? एक पाऊस जाऊ दे, फुगंल."

"बोललात तुम्ही त्याला?"

"उद्या बोलतो."

"काही बोलू नका," मी म्हटलं. "पहिलं काम आहे त्याचं. मागे त्याने केलेल्या एका फ्लॅटच्या किचनवरून चार माणसांत त्याला बोललात, तर तीन महिने जेवायला आला नव्हता. तो शिकलाय पाच वर्षं. त्याला कळत असेल."

तेहतीस वर्षांत ह्यांनी माझं ऐकलं ते एकदाच, आणि ते हे.

मी साडी नेसून व्हरांड्यात आले. समोर समुद्र, उजवीकडे कोळीवाड्याचे बांबू, त्यांवर बोंबील वाळत घातलेले. तो वास पाहुण्यांना येऊ नये म्हणून हंसाबेननी खांबाखांबाला गवती चहाच्या तेलाचे दिवे लावलेत. दोन्ही वास मिळून जे होतं ते कुठल्या साहेबानेही सोसलं नसेल.

व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत आमची सून इशिता स्टुलावर बसून भिंतीत खिळा ठोकत होती. गुडघ्याच्या उंचीवर. मला बघून हातोडी मागे लपवली. हातोडी कुठे लपते?

"किती खोल्यांत आहे?" मी विचारलं.

तिने थोडा वेळ न समजल्यासारखं केलं. मग म्हणाली, "खालच्या चारही. वरच्या ठीक आहेत."

"यतीनला माहितीये?"

"आई, तो रोज सकाळी सहाला येऊन रंगाचा ब्रश मारतो. दहा दिवस झाले. मारला की चार दिवसांनी परत फुगतं. रात्री झोपत नाही, फोनवर भिंतींचे व्हिडिओ बघत बसतो." तिचा आवाज खाली आला. "प्लीज, आज बाबांना काही बोलू देऊ नका. नाश्त्याला हंसाबेन मागच्या तबेल्याच्या कामाचा कागद आणणार आहेत. तिथे दहा खोल्या काढायच्यात. सोमवारी सुरू करायचंय."

"तेही सिमेंटचंच?"

"कागदात तसंच लिहिलंय. आता बदल म्हटलं तर आधीचं का चुकलं ते सांगावं लागेल. ऑफिसचं पहिलं काम आई, कोण परत काम देईल त्याला?"

"अगं, पण त्या दहाही फुगतील."

"मला कळतंय हो." तिने हातोडी मांडीवर ठेवली. "त्याला तेव्हाच थोडी शंका आली होती. मिस्त्रीपण कुरकुरत होता. पण बाबा येऊन बघून गेले ना. सिमेंटच्या गोणीला हात लावून बघितला, आणि काही न बोलता गेले. यतीन त्या दिवशी इतका खूश होता. म्हणाला, बाबा चूक बघून गप्प बसतील का? म्हणजे बरोबरच आहे."

मी दाराची चौकट धरली. "गुडघा दुखतो," म्हटलं. ते खरंही होतं.

नाश्त्याला नऊ वाजता बसलो. लांब टेबल, पांढरा कपडा, एकेका माणसासमोर तीन तीन काटे. मधोमध चिनी मातीच्या कपांत, ज्यात साहेब लोक उकडलेलं अंडं उभं करायचे, त्यात गोल कापलेले ढोकळे. हंसाबेन शाकाहारी, पण साहेबी थाट मोडायचा नाही म्हणून हा मार्ग. ह्यांनी चमच्याने ढोकळ्याच्या डोक्यावर टक् टक् केलं. एरवी मी हसले असते.

यतीन समोर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, आणि नखांत पांढरा रंग. त्याने माझी नजर पाहिली आणि हात टेबलाखाली घेतला.

हंसाबेन आल्या. साठीच्या, ठसठशीत, अंगावर कडक सुती साडी. "सुभाषभाई, झोप बरोबर लागली ने? मी रात्रभर विचार करते, सुभाषभाईला आवडते की नाही. बिजा कोणी काय पण सांगेल. पण यतीन मला बोललेला, माझ्या बाबांना भिंत बघून कळते."

टेबलावर कुणी कुणाकडे बघेना. इशिता लोणी लावत होती, तिच्या पावावर आधीच बोटभर लोणी होतं.

आणि माझा नवरा. ज्या माणसाने व्याह्यांच्या घरी साखरपुड्याला त्यांच्या बाथरूमची फरशी उलट्या उताराने बसवली आहे असं सगळ्यांसमोर सांगितलं, जो आजारी माणसाला बघायला गेला तरी हॉस्पिटलच्या छताकडे बोट दाखवून लिकेज सांगतो, तो माणूस चमचा खाली ठेवून म्हणाला, "एकदम झकास, हंसाबेन."

"खरं सांगता?"

"एकदम कोरड्या भिती. काय वास न्हाय, काय न्हाय. मी एवढी वर्षं कामं बघितली. असं काम..." त्यांनी चमचा पुन्हा उचलला. "असं काम जुन्या लोकांनीच करावं. माझा मुलगा म्हणून सांगत न्हाय."

ह्यांना खोटं बोलता येत नाही. कानाच्या पाळ्या लाल होतात. त्या लाल झाल्या होत्या, आणि शब्दाशब्दाला राई डोकावत होती. मला एकदम त्यांचा राग आला. मग इशिताचा, यतीनचा, त्या ढोकळ्यांचासुद्धा. आम्ही सगळे मिळून एका भिंतीला जपत बसलो होतो, आणि भिंत काही आम्हाला जपणार नव्हती.

"बस, मग झालं!" हंसाबेननी पर्समधून घडी केलेला कागद काढला, पेन काढलं. "तबेलापण असाच पाहिजे, यतीन. डिट्टो. सोमवारपासून माणसं लाव."

यतीनने पेन घेतलं. टोपण उघडलं, पण कागदाकडे बघतच नव्हता. बाबांच्या कानांकडे बघत होता. तेही त्याला लहानपणापासून माहीत आहेत.

"बाबा," तो म्हणाला. आवाज दहा वर्षांच्या मुलाचा आला. "खरंच चांगलं झालंय?"

"झालंय ना."

"तुम्ही साइटवर आला होता, गेल्या वर्षी फेब्रुवारीत. तेव्हा पण चांगलं वाटलं होतं?"

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही, हंसाबेनकडे नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं. दीड वर्षाहून जास्त काळ तोंडात धरून ठेवलेलं काहीतरी थुंकू का, असं विचारल्यासारखं. एवढ्या वर्षांत कधी परवानगी म्हणून मागितली नाही या माणसाने. स्कूटर घेतली तेव्हा नाही, स्कूटर विकली तेव्हा नाही. आणि आता मागतोय.

यतीननेही माझ्याकडे बघितलं. पेन हवेत.

हंसाबेन हसत म्हणाल्या, "अरे, सगळे ताईकडे काय बघता? ताई, तुमी बोला. काय झाला?"

मी कपातला ढोकळा बाजूला सरकवला.

"यतीन, सही करू नकोस," मी म्हटलं. "भिंत खारट आहे. तुझ्या बाबांनी आज सकाळी बोट लावून चाखून बघितली. आणि त्यांना त्या फेब्रुवारीतच कळलं होतं. ते तुला सांगणार होते. मीच त्यांना बोलू दिलं नाही."